चैती फुईचे तीन प्रश्न

माझी डावी पोटरी उजवीपेक्षा आजही थोडी जाड आहे. साडीत कळत नाही, सलवार घातली की मला एकटीला कळतं. कोणी विचारलंच तर मी सांगून टाकते, टीबी झाला होता आणि त्यातच पायात रक्ताची गाठ धरली होती. मग समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. छातीचा आजार पायात कसा उतरला, हे कोडं तेव्हा मलाही पडलं होतं. पण मी हे लिहायला बसले ते त्या आजारात मी एकदा 'नाही' म्हणाले, त्यासाठी. ते 'नाही' मला महागात पडलं, आणि माझ्यापेक्षा जास्त माझ्या फुईला.

रुग्णाचे नाव

२०१६ साली मी एकवीस वर्षांची होते. तलासरीला कचेरीसमोरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होते. जातीचा दाखला, रेशनकार्डात नाव चढवणं, सातबाऱ्याचा अर्ज, जे म्हणाल ते लिहून द्यायचे. "वनिताने लिहिलेला अर्ज परत येत नाही," असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकून मी थोडी चढूनही गेले होते. घर पूर्वेकडच्या डोंगरातल्या पाड्यावर, जीपने तासाभराच्या वाटेवर. भात आणि नागलीची शेती. सकाळी निघायचं, दिवसभर मशीनपाशी उभं राहायचं, संध्याकाळी घरी.

खोकला दोन महिने चालला होता. मी मशीनच्या काळ्या पावडरीला शिव्या देत होते. संध्याकाळी कणकण यायची, तिलाही काहीतरी कारण सापडायचं. शेवटी दुकानाच्या मालकानेच सांगितलं, "समोर सरकारी दवाखाना आहे, पाच मिनिटं लागतात. जाऊन ये." गेले. बेडका तपासायला दोन डब्या दिल्या.

निकालाच्या दिवशी खिडकीतल्या माणसाने एक छापील कागद माझ्यापुढे सरकवला. सवयीने मी पेन काढलं आणि भरायला घेतला, जसा रोज दहा जणांचा भरते तसा. 'रुग्णाचे नाव' ह्या रकान्यापाशी आले आणि मान वर करून विचारलं, "नाव काय पेशंटचं?" तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "ताई, तुमचंच." मी नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं, ह्याचं मला नंतर नवल वाटलं.

घरी फक्त आईला सांगितलं. आई चुलीपुढे होती. तिने आधी दार लोटलं आणि मग म्हणाली, "कोणाजवळ बोलू नको. बाबांजवळपण नको." वाणगावकडच्या एका घरातून मला बघून गेले होते, बोलणी अर्ध्यावर होती. गोळ्या तेव्हा दिवसाआड दवाखान्यात जाऊन तिथल्यांसमोरच घ्यायच्या असत, त्यामुळे घरात पाकीटसुद्धा येत नव्हतं. लपवणं फार सोपं होतं. लोकांना "खरी माहिती भरा, नाहीतर अर्ज बाद होईल" म्हणून दम देणारी मी, माझ्या घरात बिनदिक्कत खोटी माहिती भरत होते.

नियम म्हणजे नियम

फुई म्हणजे आत्या. आमच्या बाजूला गुजरात इतका जवळ आहे की नातीसुद्धा तिकडून आली आहेत. चैती फुई बाबांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर आमच्या घराला लागूनच तिने झोपडं बांधलं. ती पाड्याची सुईण. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावायला, मुरगळलेला पाय चोळायला चार पाड्यांतून तिला बोलावणं यायचं. मोहाच्या बियांचं तेल, लाकडी बुचाची एक बाटली आणि तिचे हात. त्या हातांखाली रडणारं पोर दोन मिनिटांत गप्प व्हायचं.

तेल हातावर घ्यायच्या आधी ती तीन प्रश्न विचारायची. ताप हाय का? पोटाशी हायस का? कसली दवा चालू हाय का? हे तिला तिच्या सासूने शिकवलेलं. कोणालाही सूट नाही. माझा भाऊ दिनेश कबड्डीत घोटा मुरगळून आला, तेव्हा त्यालाही तिने सरळ तोंडाने विचारलं, "पोटाशी हायस का?" सगळा ओटा हसला. फुई म्हणाली, "हसा. नियम म्हंजे नियम."

एप्रिलच्या शेवटी माझा डावा पाय दुखायला लागला. आधी पोटरीत गोळा आल्यासारखं, मग सूज. चप्पल घट्ट व्हायला लागली. टीबीच्या गोळ्या सुरू होऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. खोकला कमी झाला होता, त्यामुळे पायाचा आणि छातीचा काही संबंध असेल हे डोक्यातही आलं नाही. दिवसभर उभी राहते, चढली असेल शीर, असं मीच ठरवलं आणि फुईच्या ओट्यावर जाऊन बसले. आई मागोमाग आली.

फुईने पाय मांडीवर घेतला. "ताप हाय का?"

"नाही."

"पोटाशी हायस का?"

"फुई!"

"कसली दवा चालू हाय का?"

मी आईकडे बघितलं. आई अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत होती.

"नाही," मी म्हणाले.

फुईने बूच काढलं. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, तिने जीव ओतून माझी पोटरी चोळली. चौथ्या दिवशी सकाळी मी जीपसाठी निघाले आणि अंगणातच छातीत सुरी घुसल्यासारखी कळ आली. श्वास आत जाईना. तोंड उघडं आणि हवा नाही. दिनेशने उचललं एवढं आठवतं, आणि फुईचे तेलाचे हात माझ्या गालावर होते, तो वास आठवतो.

दारातली बाई

तलासरीहून मला डहाणूला पाठवलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी पायाची सोनोग्राफी केली, छातीचा मोठा फोटो काढायला वलसाडला नेऊन परत आणलं. पायातल्या गाठीचा तुकडा सुटून फुफ्फुसात जाऊन बसला होता. मॅडमनी बाबांना आणि दिनेशला समोर बसवून सांगितलं, "टीबीमध्ये काही जणांचं रक्त लवकर गोठायला लागतं. तरुण माणसावर कोणी संशय घेत नाही. सगळे म्हणतात, मुरगळलं असेल."

"टीबी?" बाबा म्हणाले. माझ्या आजाराचं नाव त्यांना असं कळलं.

मग मॅडमनी विचारलं, "मालिश केली होती का?"

"केली. माझ्या बहिणीने," बाबा म्हणाले. "तीन दिवस."

"अशा सुजलेल्या पायाला हात लावायचा नसतो. मालिशमुळेच गाठ सुटली असं मी म्हणणार नाही, ती आपोआपही सुटते. पण करायची नसते."

ह्यातलं शेवटचं वाक्य तेवढं सगळ्यांनी घरी नेलं. मधलं वाक्य वॉर्डातच राहिलं. दिनेश बाहेर जाऊन तिथे बसलेल्या फुईवर ओरडला, ते मला खाटेवरून ऐकू आलं. "तुझ्या हाताने मारली असतीस तिला!" फुईचा आवाज काही आला नाही. मी डोळे मिटून घेतले. मला तेव्हा बोलता येत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे बरेच दिवस मी स्वतःला समजावत होते की दम लागत होता म्हणून बोलले नाही. दम लागत होता, पण 'तिने विचारलं होतं' एवढं म्हणायला लागतो तेवढा श्वास माझ्याकडे होता.

अकरा दिवस वॉर्डात काढले. सकाळ-संध्याकाळ पोटात सुई. पोटावर इतके निळे डाग पडले की शेजारच्या खाटेवरच्या काकी म्हणाल्या, "जांभळं सांडल्यासारखं दिसते बघ." त्या झाई गावच्या, मच्छीवाल्या. दम्यासाठी आल्या होत्या आणि दम लागेपर्यंत बोलायच्या. दवाखान्याच्या डाळीला त्या "समुद्राचं पाणी, फक्त मीठ विसरले" म्हणायच्या. हसायला मला मनाई नव्हती, पण हसलं की छातीत दुखायचं, म्हणून मी तोंडात चादर कोंबून हसायचे.

रोज सकाळी सिस्टर यायच्या. कापड मोजायची टेप माझ्या दोन्ही पोटऱ्यांना गुंडाळायच्या आणि दोन आकडे मोठ्याने बोलून कागदावर लिहायच्या. डाव्याचा आकडा उजव्याच्या जवळ यायला लागला की समजायचं, गाडी रुळावर आहे. मी त्या आकड्यांची वाट बघायचे. दहावीच्या निकालाची बघितली नसेल एवढी.

भीती मात्र आकड्यांना ऐकत नव्हती. पाय हलवला तर गाठ सुटेल, खोकले तर सुटेल, शिंकले तर संपलंच. संडासला जाताना मी डावा पाय काचेचा असल्यासारखा उचलायचे. मॅडमनी एकदा ओरडूनच सांगितलं, "आता चालायचं. औषध सुरू आहे, भीती बंद कर." औषध बंद करणं सोपं असतं, भीतीचं तसं नसतं. पण त्या ओरडल्या त्याने बरं वाटलं. मरणाऱ्या माणसावर कोण ओरडतं?

काकींनीच एक दिवस विचारलं, "ती दारात उभी राहते ती बाई कोण तुझी? रोज येते, आत नाय येत."

मी मान वळवून बघितलं. वॉर्डाच्या दारात फुई उभी होती, हातात डबा. पाड्यावरून जीप, तलासरीहून एसटी, एवढं करून ती रोज यायची, डबा दारातल्या मावशीकडे द्यायची आणि सिस्टर माझे पाय मोजून होईपर्यंत उभी राहायची. दोन्ही आकडे ऐकायची आणि परत फिरायची. तिला आकडे वाचता येत नाहीत, पण ऐकून कमी-जास्त कळतं.

"माझी फुई," मी म्हणाले आणि मान परत वळवली.

बाटली आढ्याला

घरी आले तेव्हा दोन गोळ्या चालू होत्या, एक टीबीची आणि एक रक्त पातळ करणारी. ह्या दोघींचं पटत नाही. पहिली दुसरीचा जोर मोडते, म्हणून दुसरीचं माप सारखं बदलावं लागतं आणि त्यासाठी रक्त तपासावं लागतं. दर आठवड्याला डहाणूची वारी. बाबा सोबत यायचे. टीबी लपवल्याबद्दल ते मला एक शब्दही बोलले नाहीत. आईशी मात्र महिनाभर बोलले नाहीत. वाणगावकडची बोलणीही मोडली. त्यांनी टीबीचं नाव काढलं नाही, "नोकरीवाली मुलगी पाहिजे," म्हणाले. झेरॉक्स म्हणजे नोकरी नव्हे, हे मला त्यांच्याकडून कळलं.

फुईने तेलाची बाटली फडक्यात बांधून आढ्याला टांगून ठेवली होती. शेजारच्या पाड्यावर एक बाई बाळंत झाली. तिची सासू फुईला बोलवायला आली, तर फुईने हात जोडले. "माजे हात नाय आता." मग लोकच बोलायला लागले. तिच्या हाताला काहीतरी लागलंय, बरं झालं आपल्या पोराला नाही लावला. जिच्या हातांवर अर्धा पाडा जन्मला, तिच्याबद्दल हे बोलणं.

मी खाटेवर पडून ऐकत होते. रोज ठरवायचे, आज सांगेन. आणि रोज आई माझ्याकडे एक नजर टाकायची. दोघींचं एक खोटं होतं आणि ते आम्ही दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं होतं.

कवळी भाजी

पावसाळ्यात रानात पहिली उगवते ती कवळी भाजी, गवतासारख्या पात्याची. ती देवाला दाखवल्याशिवाय आमच्याकडे कोणी कुठलीच नवी पालेभाजी तोंडात घालत नाही. त्या दिवशी सगळं कुळ एकत्र जेवतं, भांडलेलेसुद्धा. भाजी खुडून आणण्याचा मान घरच्या थोरल्या बाईचा. म्हणजे फुईचा. दिनेशने तोंड फिरवलं, पण मान मोडायची त्याची छाती नव्हती.

देवापुढे ठेवून झालं, पानं मांडली. फुई वाढत वाढत माझ्यापाशी आली आणि तिचा हात थांबला. दोन महिन्यांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली, खालच्या आवाजात.

"तुज्या दवेला ही चालते का?"

तोच प्रश्न होता. पाड्याने वाळीत टाकलेली ही बाई अजून विचारतच होती. माझ्या रक्ताच्या गोळीला पालेभाजीचा अतिरेक चालत नाही, हे मॅडमनी सांगितलं होतं. ते फुईला कोणी सांगितलं नव्हतं. तिने आपल्या नियमाने विचारलं.

माझ्या घशात आलं ते मी अडवलं नाही. "थोडी चालते, फुई," मी म्हणाले, आणि मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तू तेव्हाही विचारलं होतंस. कसली दवा चालू आहे का म्हणून. मी नाही म्हणाले. टीबीची चालू होती आणि मी नाही म्हणाले."

पानांवरचे हात थांबले. बाबांनी मान वर केली. मला रडू फुटलं होतं आणि लाजही वाटत होती, दोन्ही एकदम.

"मीपण तिथंच होते," आई म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. "मीच सांगितलं होतं, बोलू नको."

दिनेश फुईकडे बघून म्हणाला, "मग तू का नाय बोललीस? मी एवढा ओरडलो तुझ्यावर."

फुईने माझ्या पानावर चिमूटभर भाजी वाढली. "पोरगी खाटेवर होती," ती म्हणाली. "आजाऱ्याच्या अंगावर घालू काय?" आणि पुढच्या पानाकडे गेली.

बाटली त्या दिवशी खाली आली नाही. दिनेश काढायला गेला तर तिने हाकलला. माणसाचं मन म्हणजे काही झेरॉक्स मशीन नाही, बटण दाबलं की लगेच चालू व्हायला. सप्टेंबरात माझ्या टीबीच्या गोळ्या संपल्या. त्या थांबल्यावर मॅडमनी रक्ताच्या गोळीचं माप लगेच कमी केलं, पुढे दिवाळीनंतर तीही थांबवली. त्याच सुमारास पाड्यावर एक बाई बाळंत झाली. ह्या वेळी आई स्वतः फुईच्या दारात गेली, किती वेळ बसली होती कोण जाणे, आणि दोघी एकत्र बाहेर आल्या. फुईच्या हातात बाटली होती.

काळा दोरा

हे सगळं आत्ता लिहायचं कारण, २०१९ च्या हिवाळ्यातला एक रविवार.

भात झोडून झालं होतं. मी फुईच्या ओट्यावर नागली निवडत बसले होते. पलीकडच्या पाड्यावरची एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. सरिता तिचं नाव, एकोणीस वर्षांची, डहाणूला वसतिगृहात राहून कॉलेज शिकणारी. डावा पाय दुखतो, चोळून दे, म्हणाली.

फुईने बाटली बाजूला ठेवली आणि कनवटीचा काळा दोरा काढला. बाळाच्या कमरेला करदोडा बांधतात, तो दोरा. वॉर्डाच्या दारात उभं राहून शिकलेली विद्या. तिने आधी उजव्या पोटरीला दोरा गुंडाळला, टोकं भिडली तिथं गाठ मारून खूण केली. मग तोच डाव्या पोटरीला गुंडाळला. टोकं भिडली नाहीत. मध्ये दोन बोटं जागा राहिली.

"ताप हाय का?"

"थोडा येतो संध्याकाळी."

"पोटाशी हायस का?"

सरिताने लाजून नकाराची मान हलवली.

"कसली दवा चालू हाय का?"

सरिताने आईकडे बघितलं. तिची आई अंगणाकडे बघत होती.

"नाही," सरिता म्हणाली.

फुईने माझ्याकडे बघितलं. मी नागलीचं सूप खाली ठेवलं.

"मीपण नाही म्हणाले होते," मी सांगितलं. "ह्याच ओट्यावर. आईकडे बघून."

सरिताच्या ओठांचा कोपरा हलायला लागला. तिची आई काहीतरी म्हणायला उठली आणि परत बसली. "टीबीची," सरिता म्हणाली. "दीड महिना झाला."

फुईने बाटलीचं बूच तळव्याने घट्ट दाबलं. "चप्पल घाल," ती म्हणाली. "पाय आपटू नको. वनिता, तू चल, तुला कागद कळतात."

डहाणूला त्याच मॅडम होत्या, केस जरा पिकलेले. सोनोग्राफीत गाठ दिसली, पण ती पायातच होती, पुढे कुठे गेली नव्हती. औषध लगेच सुरू झालं. मॅडमनी केसपेपरवर लिहिता लिहिता मान वर न करता नेहमीचा प्रश्न विचारला, "मालिश केली होती का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण फुई आधीच दारातून आत आली होती. टेबलापाशी येऊन ती सरळ उभी राहिली.

"नाय," ती म्हणाली. "मी हात नाय लावला."

मॅडमनी ते लिहून घेतलं. मग फुईने सरिताच्या खाटेखालचं स्टूल ओढलं आणि तिच्या पायापाशी बसली.